इंजिनाच्या डोक्यातलं कोष्टक

१९५८ साली अमेरिकेत क्रायस्लर कंपनीच्या निवडक गाड्यांवर जादा पैसे मोजले की 'इलेक्ट्रोजेक्टर' नावाची एक वस्तू बसवून मिळत असे. ती बेंडिक्स कंपनीनं तयार केली होती. कार्ब्युरेटर काढून त्याजागी विजेवर उघडमीट करणारे इंजेक्टर, आणि ते किती वेळ उघडे ठेवायचे हे ठरवणारी ट्रान्झिस्टरची एक पेटी, असा तो संच. जेमतेम ३५ गाड्या विकल्या गेल्या. बॉनेटखालच्या उष्णतेत पेटीतले मेणकागदी कपॅसिटर तग धरेनात, आणि बहुतेक गाड्यांवर पुन्हा कार्ब्युरेटरच चढवण्यात आले. बेंडिक्सची पेटंटं पुढे जर्मनीच्या बॉश कंपनीच्या कामी आली. १९६७ साली फोक्सवॅगन १६०० वर आलेली बॉशची 'डी-जेट्रॉनिक' यंत्रणा मात्र बाजारात टिकली.

मोटारींच्या इतिहासात इलेक्ट्रोजेक्टरची कथा फार तर तळटीपेत सापडते. मला ती महत्त्वाची वाटते. इंजिनाला कधी किती पेट्रोल द्यायचं हा निर्णय तिच्यापासून मिस्त्रीच्या हातातून सुटून एका बंद पेटीत जायला लागला. ती पेटी उघडून आत काय लिहिलंय ते वाचण्याची, आणि चालत्या इंजिनावर ते बदलण्याची जी खटपट पुढच्या पन्नास-साठ वर्षांत झाली, तिचा हा मागोवा आहे. मी इंजिनिअर नाही, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. जुनी सर्व्हिस मॅन्युअलं, पेटंटं आणि सरकारी अधिसूचना वाचता वाचता या विषयात शिरलो, आणि अजून बाहेर पडायची वाट सापडलेली नाही.

ज्यांनी प्रीमियर पद्मिनी चालवली आहे त्यांना 'ट्यूनिंग' हा शब्द समजावून सांगायला नको. मिस्त्री प्लग काढून त्याचं तोंड बघायचा. काजळी असेल तर मिक्श्चर रिच, पांढरंफटक असेल तर लीन, चहाच्या रंगाचं असेल तर गाडी बरोबर. मग इंजिन चालू ठेवून तो कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव पाव फेरा फिरवायचा आणि ऐकायचा. आवाज एकसारखा लागला की हात थांबायचा. स्क्रू फिरवणं आणि परिणाम कळणं यांच्यात क्षणाचंही अंतर नसे. 'रिअल टाइम' हा शब्द कुर्ला किंवा भवानी पेठेतल्या कुठल्या गॅरेजमध्ये कुणी उच्चारला नसेल, पण काम तेच होतं.

अडचण एवढीच, की स्क्रू एक आणि परिस्थिती अनेक. मुंबईत समुद्रसपाटीला लावलेली गाडी महाबळेश्वरला, म्हणजे सुमारे १३५० मीटरवर नेली, की हवेचा दाब जवळजवळ १५ टक्क्यांनी उतरलेला असतो. कार्ब्युरेटरला त्याचा पत्ता नसतो. तो साधारण आधीच्याच बेतानं पेट्रोल सोडत राहतो, गाडी काळा धूर काढते आणि चढाला जड जाते. आपण तेव्हा ते गृहीत धरून चालत होतो.

कार्ब्युरेटरचं राज्य गेलं ते त्याच्या या अडाणीपणामुळे नव्हे, तर लॉस एंजेलिसच्या धुरक्यामुळे. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत आरी हागेन-स्मिट नावाचे डच रसायनतज्ज्ञ अननसाच्या स्वादाचा अभ्यास करत होते. अननसाचा वास पकडायला जे तंत्र वापरायचं तेच त्यांनी शहराच्या हवेला लावलं, आणि १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की मोटारी आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघणारे वायू उन्हात एकत्र येऊन हे डोळे चुरचुरवणारं धुरकं तयार करतात. मोटार कंपन्यांनी बरीच वर्षं हात वर केले. अखेर १९७०च्या अमेरिकी कायद्यानं धुरातले घातक वायू ९० टक्क्यांनी कमी करा असं फर्मान काढलं. कंपन्यांना मुदतवाढी मिळत गेल्या, पण दिशा ठरली.

उपाय सापडला तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा. पण तिन्ही घातक वायूंना एकाच वेळी आवरणारा कन्व्हर्टर फार नखरेल. एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा, या प्रमाणाच्या अगदी आसपास इंजिन राहिलं तरच तो काम करतो. स्क्रू आणि जेट यांना हे सतत साधणं शक्यच नव्हतं. त्यासाठी धुरात उरलेला प्राणवायू मोजणारा सेन्सर हवा, आणि त्याचं ऐकून क्षणोक्षणी पेट्रोल कमीजास्त करणारी पेटी हवी. कॅलिफोर्नियाला पाठवलेल्या व्होल्वो २४० गाड्यांवर १९७६ मध्ये ही जोडी आली. इंजिनात संगणक शिरला तो असा, लोकांच्या फुप्फुसांची काळजी वाहायला. वेगाचा आणि ताकदीचा त्याच्याशी संबंध नंतर लागला. हा क्रम लक्षात ठेवायला हवा, कारण पुढे 'ट्यूनिंग'च्या नावाखाली पुष्कळांनी पहिल्याच झटक्यात तो कन्व्हर्टर उपटून फेकला.

१९८१च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सनं अमेरिकेतल्या आपल्या जवळजवळ सगळ्या पेट्रोल गाड्यांवर संगणक बसवला. इथे एका साध्या व्यापारी सोयीतून इतिहास घडला. पेटी शक्यतो एकसारखीच ठेवायची आणि प्रत्येक मॉडेलचे आकडे तेवढे वेगळ्या, काढता-घालता येणाऱ्या चिपवर लिहायचे, असं कंपनीनं ठरवलं. पेटी बिघडली तर सर्व्हिस मॅन्युअलची स्पष्ट सूचना असे: जुन्या पेटीतली चिप काढा आणि नव्या पेटीत बसवा. म्हणजे पेटीचा आत्मा कुठे आहे हे कंपनीनंच छापून जाहीर केलं होतं, आणि तो एका सॉकेटमध्ये नुसता खोचलेला होता.

त्या चिपवर काय असतं? काही सूचना, आणि कोष्टकं. आडव्या ओळीत इंजिनाचे फेरे, उभ्या ओळीत आतल्या हवेचा दाब, आणि प्रत्येक घरात एक आकडा. एका कोष्टकात ठिणगी किती अंश आधी टाकायची ते. दुसऱ्यात सिलिंडर त्याच्या मापाच्या किती टक्के हवेनं भरतो ते. त्या टक्क्यांवरून आणि हवेच्या तापमानावरून संगणक पेट्रोलचा हिशेब करतो आणि इंजेक्टर काही हजारांश सेकंद उघडतो. फेरे ६,००० असतील तर प्रत्येक सिलिंडरसाठी हा हिशेब सेकंदाला ५० वेळा लागतो. गाडी चालते म्हणजे खरं तर या कोष्टकावरून एक अदृश्य बोट सतत फिरत असतं. गॅसवर पाय दिला की ते एका कोपऱ्याकडे पळतं, पाय काढला की परततं.

हे आकडे कंपनीच्या माणसांनी बेतानं लिहिलेले असतात. पेट्रोल हलकं मिळालं तर, उन्हाळा कडक असला तर, मालकानं दोन वर्षं प्लग बदलले नाहीत तर, असे सगळे 'तर' पोटात घेऊन. म्हणून त्यांत सावधपणा भरलेला असतो. १९८६-८७ची ब्यूक ग्रँड नॅशनल ही टर्बो बसवलेली काळी गाडी याचं गाजलेलं उदाहरण. चांगलं पेट्रोल घालायची तयारी असेल, तर नुसती चिप बदलून ती कितीतरी जोरात पळते हे लोकांच्या लक्षात आलं आणि बदललेल्या चिपांचा धंदाच उभा राहिला.

पण चिप बदलणं म्हणजे ट्यूनिंग नव्हे. दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्याच गाडीवर बेतलेले आकडे आपल्या गाडीत घालणं ते. दुसऱ्याचा चष्मा लावण्यासारखं. आपल्या गाडीसाठी आकडे आपणच शोधायचे तर मार्ग खडतर होता. इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन यांनी १९७१ साली शोधलेल्या खोडता येणाऱ्या चिपेच्या पाठीवर काचेची इवली खिडकी असते. आतला मजकूर पुसायचा तर तिच्यावर अतिनील किरणांचा दिवा पंधरा-वीस मिनिटं धरायचा. मग नवी फाइल लिहायची, पेटी उघडून चिप खोचायची, गाडी फिरवायची, परत यायचं, एक आकडा दोनानं वाढवायचा आणि पुन्हा दिव्याखाली. मिस्त्रीचा पाव फेरा इथे अर्ध्या तासाचा झाला होता. शिवाय गाडी काय करते आहे हे कळायला कारखान्यातल्या तपासणीसाठी ठेवलेला एक सॉकेट तेवढा होता. सुरुवातीच्या गाड्यांत तो सेकंदाला १६० बिट सोडायचा, म्हणजे एक पूर्ण नोंद यायला सेकंदाहून जास्त वेळ. तेवढ्यात इंजिनाचे कितीतरी फेरे होऊन जात. नंतरच्या पेट्यांत हा वेग ८,१९२ बिटांवर गेला आणि नोंदींना अर्थ आला.

कोंडी फोडली ती एम्युलेटरनं. ही वस्तू प्रयोगशाळांत आधीपासून होती; शौकिनांनी ती गाडीत आणली. चिप काढायची आणि त्या सॉकेटमध्ये एम्युलेटरची तार खोचायची. पेटीला वाटतं आपण चिपच वाचतो आहोत. प्रत्यक्षात ती एक अशी स्मृती वाचत असते जिच्यात पलीकडून लॅपटॉप लिहू शकतो. 'ऑस्ट्रिच' नावाचा एम्युलेटर आणि 'ट्यूनरप्रो आरटी' हा प्रोग्रॅम ही जोडी या जुन्या गाड्यांच्या जगात घरोघरी झाली. 'आरटी' म्हणजे अर्थातच रिअल टाइम. इंजिन चालू आहे, पडद्यावर ज्या घरावर बोट फिरतं आहे ते उजळलेलं दिसतं आहे, तुम्ही त्या घरातला आकडा बदलता आणि इंजिनाचा आवाज बदलतो. मधली पंचवीस वर्षं हरवलेला स्क्रू परत हातात आला. फरक इतकाच, की आता प्रत्येक परिस्थितीसाठी वेगळा स्क्रू होता.

या उपकरणांपेक्षाही मोठं काम मला दुसरंच वाटतं. चिपवरची फाइल उघडली की दिसतात ते नुसते आकडे, ३२ किलोबाइट, सलग, ना मथळा ना रेघ. यांतलं कोष्टक कुठे सुरू होतं, कुठला आकडा अंशाचा आणि कुठला टक्क्याचा? मोडी न येणाऱ्या माणसापुढे दफ्तराचा रुमाल सोडावा तशी ही अवस्था. कंपनीनं ही किल्ली बाहेर दिलेली नव्हती. एकमेकांना कधीही न भेटलेल्या शौकिनांनी आतल्या सूचना एकेक करून उलगडल्या, कुठल्या पत्त्यावर काय आहे याच्या याद्या केल्या, आणि त्या व्याख्या-फाइली सगळ्यांना वापरायला दिल्या. मोडी वाचकांच्या पिढ्यांनी बाराखड्या आणि संक्षेपांचे तक्ते करून ठेवले, त्याच जातीचं हे काम आहे. त्यांतल्या बहुतेकांची नावं कुठल्याही ग्रंथात येणार नाहीत.

२००१ मध्ये ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो या दोघा अमेरिकनांनी एक वेगळी वाट काढली. कंपनीची पेटी फोडत बसण्यापेक्षा आपलीच पेटी करावी. 'मेगास्क्वर्ट' हे तिचं नाव. ती तयार मिळत नसे. सुटे भाग यायचे आणि मालकानं ते स्वतः सोल्डर करायचे. पहिल्या आवृत्तीतलं पेट्रोलचं कोष्टक ८ गुणिले ८, एकूण ६४ घरांचं. त्यातला आकडा लॅपटॉपवरून बदलला की तत्काळ लागू होतो, आणि कायमचा ठेवायचा तर 'बर्न' असं लिहिलेलं बटण दाबायचं. चिपा जाळून लिहिण्याचा काळ गेला, शब्द मागे राहिला.

या पेटीबरोबर एक छोटा तपासणी-बोर्ड मिळे, त्याला 'स्टिम' म्हणतात. सेन्सरांच्या जागी नुसत्या फिरवायच्या कळी. मी या विषयाची ओळख करून घेतली ती अशा बोर्डावर, जेवणाच्या टेबलावर, गाडीशिवाय. एक कळ फिरवली की फेरे वाढतात, दुसरी फिरवली की इंजिन 'तापतं', आणि पडद्यावरचं बोट कोष्टकात सरकतं. कागदावर कितीही वाचलं तरी दोन घरांच्या मध्ये बोट असताना संगणक चारही शेजारच्या आकड्यांमधून वाटणी कशी करतो, हे मला त्या कळी फिरवतानाच उमगलं. ज्याला या वाटेनं जायचं आहे त्यानं गाडीला हात लावण्याआधी असे दोन-चार रविवार घालवावेत असं माझं मत आहे. घरचे टेबल मागेपर्यंत तरी.

पुढची शिस्त शौकिनांनी अनुभवातून बसवली आहे आणि ती घाईच्या माणसाला आवडत नाही. आधी इंजिन धड असलं पाहिजे. व्हॅक्यूमची नळी चिरलेली असेल, इंधनाचा दाब उतरलेला असेल तर कोष्टक सुधारून तुम्ही फक्त बिघाड झाकता. मग मूळ फाइल उतरवून तिची प्रत बाजूला ठेवायची. मग काहीही न बदलता नुसत्या नोंदी घ्यायच्या. गाडीबरोबर आलेला प्राणवायूचा सेन्सर रिच की लीन एवढंच सांगतो, किती ते सांगत नाही. त्यासाठी रुंद पट्ट्याचा सेन्सर लागतो. १९९२च्या होंडा सिव्हिकच्या एका काटकसरी मॉडेलवर असा पाच तारांचा सेन्सर होता आणि शौकिनांनी तो हुडकून वापरला. त्यानंतर पेट्रोलचं कोष्टक, हलक्या भाराच्या घरांपासून. ठिणगीचं कोष्टक अगदी शेवटी. आणि दोन माणसं हवीत, एक रस्त्याकडे बघणारा, एक पडद्याकडे.

हा शिष्टाचार नाही. भारावर पेट्रोल कमी पडलं, ठिणगी लवकर पडली, की नॉकिंग सुरू होतं. टर्बोच्या आवाजात ते कानाला कळण्याआधीच पिस्टनच्या कडा झिजलेल्या किंवा वितळलेल्या असू शकतात. कार्ब्युरेटरचा स्क्रू चुकीचा फिरवला तर गाडी मिसिंग मारायची, झालं. कोष्टकातल्या चुकीच्या घरावर बोट पोचेपर्यंत काहीच होत नाही, आणि पोचलं की इंजिन जातं.

इथवरची कथा शौकिनांची. २०१५ साली ती सगळ्यांची झाली.

त्या वर्षी अमेरिकेत एक प्रश्न चर्चेत होता. गाडीतलं सॉफ्टवेअर मालकानं उघडून पाहिलं तर तो कॉपीराइट कायद्याचा भंग मानायचा का? जुलैमध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेनं, ईपीएनं, सवलत देऊ नये असं पत्र लिहिलं. लोक आकडे बदलून प्रदूषण वाढवतील, ही तिची भीती. भीती निराधार नव्हती, वर कन्व्हर्टर उपटणाऱ्यांचा उल्लेख केलाच आहे. पण दोनच महिन्यांनी, १८ सप्टेंबरला, त्याच संस्थेला जाहीर करावं लागलं की आकड्यांशी खेळ कंपनीनंच केला होता. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या स्टिअरिंग, वेग, हवेचा दाब यांवरून चाचणी चालू आहे हे ओळखत आणि तेवढ्यापुरत्या शहाण्यासारख्या वागत. रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइडचं प्रमाण मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जाई. हे प्रथम लक्षात आलं वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या एका छोट्या गटाला. गाडीत मोजणीची उपकरणं घालून त्यांनी ती कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर प्रत्यक्ष फिरवली. त्या गटात अरविंद तिरुवेंगडम आणि बेंगळुरूचे हेमंत कप्पण्णा होते.

धूर मोजून लबाडी आहे हे कळलं. ती आत कशी लिहिली आहे हे मात्र फाइल वाचूनच कळणार होतं. फेलिक्स डोम्के या जर्मन तंत्रज्ञानं स्वतःच्या फोक्सवॅगनच्या पेटीतला मजकूर उलगडला आणि डिसेंबर २०१५ मध्ये हॅम्बुर्गच्या एका परिषदेत तो सर्वांसमोर मांडला. २०१७ मध्ये त्याच्यासह काही संगणकशास्त्रज्ञांनी सविस्तर शोधनिबंध लिहिला. बॉशच्या पेटीची अंतर्गत कागदपत्रं त्यांना उपयोगी पडली, आणि ती फिरत होती कुठे, तर गाड्या ट्यून करणाऱ्यांच्या वर्तुळात! त्या कागदांत लबाडीच्या कलमाचं नाव 'ध्वनीविषयक अट' असं साळसूद होतं. ज्या उचापतखोरांपासून हवेला धोका आहे असं समजलं जात होतं, त्यांच्याच पोतडीतून हवेच्या बाजूचा पुरावा निघाला. ऑक्टोबर २०१५ मध्ये सवलत मंजूर झाली, ती अमलात यायला आणखी एक वर्ष लागलं. प्रदूषण वाढवणारा बदल अर्थातच बेकायदाच राहिला, आणि तो राहायलाच हवा.

आपल्याकडे हे लोण लगोलग आलं. चाकणला कारखाना असलेल्या फोक्सवॅगन समूहानं डिसेंबर २०१५ मध्ये भारतातल्या सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सर्वोच्च न्यायालयानं नंतर सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. दंडाची रक्कम वर्तमानपत्रांत ठळक आली. पेटीतलं कोष्टक कुणी वाचायचं, वाचण्याचा हक्क कुणाला, यावर मराठीत तरी मला एकही लेख सापडला नाही.

आपल्या संदर्भात हा प्रश्न आणखी अवघड आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ बनावटीशी विसंगत फेरफाराला मनाई करतं. दिल्लीच्या हवेबद्दल १९९९ साली सर्वोच्च न्यायालयानं दिलेल्या आदेशानंतर कार्ब्युरेटरच्या मोटारी झपाट्यानं मागे पडल्या, आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाल्यावर साध्या दुचाकीच्याही पोटात अशी पेटी आली. घाटात गाडी आता जड जात नाही, दाब मोजणारा सेन्सर आहे. ही चांगलीच गोष्ट आहे. पण रस्त्याकडेचा मिस्त्री स्कॅनर लावून फार तर बिघाडाचा क्रमांक वाचतो. तो आकडा असाच का, हे विचारण्याची सोय त्याला राहिलेली नाही. मला वाटतं बदलण्याचा हक्क आणि वाचण्याचा हक्क हे वेगळे धरले पाहिजेत. पहिल्यावर बंधन असावं. दुसऱ्यावर असू नये.

आणि वाचायचं तर घाई आहे. १९८०च्या दशकातल्या त्या खिडकीवाल्या चिपा आता चाळिशीत आहेत. त्यांतला विद्युतभार काळाबरोबर हळूहळू झिरपून जातो. संग्रहालयं क्रोम घासतात, सीटचं कातडं जपतात. चिपवरचा मजकूर उतरवून ठेवण्याचं काम झालं ते बहुतांशी शौकिनांच्या त्या पहिल्या नियमामुळे, की बदल करण्याआधी मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवायची. जनरल मोटर्सच्या चिपेवर चार अक्षरांचा एक संकेत छापलेला असे. आज त्या संकेतांनुसार लावलेले मूळ फाइलींचे साठे आहेत, कुठल्या वर्षाची, कुठल्या इंजिनाची, कुठल्या गिअरबॉक्सची अशा नोंदींसह. ज्या उतरवल्या गेल्या नाहीत त्यांच्या काचेवर अजून कागदी स्टिकर असेल. तो वाळून गळाला तर ट्यूबलाइटच्या उजेडात सुमारे तीन वर्षांत मजकूर जातो, थेट उन्हात एका आठवड्यात.